मोठीचं औषध

१२ जानेवारी

ताई,

पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. इतकी वर्षं ती 'मला काही माहीत नाही' म्हणत राहिली आणि परवा स्वतःच फोन करून सांगितला. म्हणाली, "मी काही आता फार दिवसांची सोबती नाही. माझ्याबरोबर पत्ताही जायला नको."

अकरा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कुठून करायची? खुशालीपासून करते. मी अजून त्याच कानांच्या दवाखान्यात आहे. माणसाला बंद खोलीत बसवते, कानांवर हेडफोन लावते आणि काचेच्या बाहेरून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. दिवसभर हेच. लग्न होऊन आठ वर्षं झाली. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. गमत्या आहे. "मी अडकलेल्यांना बाहेर काढतो आणि ही चांगल्या माणसांना कोंडून ठेवते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मूल नाही. ते आम्ही ठरवूनच नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

आई गेल्या मार्चपासून आमच्याकडे आहे. पडली होती. मनगट जुळलं, पण डोकं काही ताळ्यावर नाही. आधी नावं गेली, मग वार. मध्येच चिडते, घरात कुणीतरी शिरलंय म्हणते. शांत राहावी म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. त्या मी माझ्या हाताने देते. एक काम मात्र ती अजून अचूक करते, दुपारी चारची कॉफी. दूध, साखर, उकळी, कशात काही चूक नाही. मी साडेतीनला घरी येते, मग आम्ही दोघी बसून पितो.

ती मला 'मोठे' अशी हाक मारते. आधी आधी मी म्हणायचे, "आई, मी धाकटी." आता सोडून दिलं. ओ देते.

आई आजारी आहे हे तुला कळावं, म्हणून लिहिलं. त्या वेळी जे झालं तेव्हा मी लहान होते, आणि आईला जे सांगितलं ते तुझ्या काळजीपोटीच. हे तुलाही माहीत आहे.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिलं पत्र आईसाठी नव्हतंच.

गच्चीवर कपडे वाळत घालताना तू मला एकदा सांगितलं होतंस, "मी त्यांच्याजवळ गेले ना, की मला काहीच वाटत नाही गं. राग नाही, किळस नाही. काहीच नाही." मी हसले होते. वाटलं, जिजूंशी भांडण झालं असेल, जाईल मिटून.

आता मलाही काही वाटत नाही. गेल्या जूनपासून.

आमचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे चांगलंच. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो कामावरून यायच्या वेळी मी उगाच आरशासमोरून एक चक्कर मारायचे. मग एकदा मी भांडी घासत होते आणि त्याने मागून येऊन कमरेवर हात ठेवला. हात आहे हे कळलं, खांद्यावर पिशवीचा पट्टा आहे हे कळावं तसं. मी कढई घासत राहिले.

आधी दमणुकीवर ढकललं. मग आई शेजारच्या खोलीत असते, यावर. मग डोकेदुखीवर. कारणं संपल्यावर मी नुसतं 'बरं' म्हणायला लागले. उगाच कटकट नको, एकदाचं होऊन जाऊ दे. त्याला कळत होतं. एकदा थांबला आणि म्हणाला, "तू इथे नसतेसच." त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. जिना चढताना शीळ घालायचा, तीही बंद झाली. मला याचं रडू यायला हवं ना? तेही येत नाही. दिवसभर डोळ्यांवर झापड असते. दवाखान्यात आवाज सोडते आणि समोरच्याने बटण दाबलं की नाही हे पाहायचंच विसरते.

आणि आई. गेल्या मंगळवारी दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती आत आली, दाराची कडी लावली आणि माझ्याजवळ पलंगावर बसली. हळूच म्हणाली, "जावई काय म्हणाले?"

"काही नाही," मी म्हणाले. मला वाटलं, माझ्याच नवऱ्याबद्दल विचारतेय. आमच्यातला दुरावा हिच्या लक्षात आला की काय!

"लपवू नकोस, मोठे. दोन वर्षं झाली लग्नाला. पुरुषाने थांबायचं तरी किती? अजून पंधरा दिवस घे. आपोआप वाटायला लागेल."

"काय घे?"

माझी हनुवटी धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गालावर थोपटून म्हणाली, "गुण येतोय."

तेव्हा त्या खोलीत तुम्हा दोघींचं काय बोलणं व्हायचं ते मला कधी कळलं नव्हतं. दार बंद असायचं. आता रोज कळतंय.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

डॉक्टरांकडे गेले होते. बायकांच्या डॉक्टर आहेत, साठीच्या. चार वर्षांपासून माझ्याकडे कान तपासायला येतात, म्हणून ओळख. त्यांचा डावा कान अगदीच अधू आहे आणि त्या दिवशी मशीन घरी विसरल्या होत्या. तेव्हा मी हळू आवाजात म्हणाले, "मला इच्छा होत नाही." त्या म्हणाल्या, "काय होत नाही?" पडद्यामागे नर्स, बाहेर बाकावर पाच बायका. शेवटी मला ओरडून सांगावं लागलं. पडद्यामागची खुडबुड एकदम थांबली. हसलीस का? मी पण हसले. कितीतरी दिवसांनी.

त्यांनी एकेक विचारत नेलं. हळूहळू कमी झालं की एकदम? दुखतं का? फक्त नवऱ्याबद्दल वाटत नाही, की कुणाबद्दलच नाही, एकटी असतानाही नाही? झोप कशी आहे, मन उदास असतं का, कुठली औषधं चालू आहेत? आणि मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हा त्रास तुमचा आहे, की तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"माझा."

"मग बघू या. तुम्हाला त्रास नसता तर मी याला आजार म्हटलंच नसतं. कितीतरी बायकांना इच्छा आधी होत नाही. जवळ आल्यावर, सावकाश, मागून येते. त्यात बिघडलेलं काही नसतं. काहींना कधीच फारशी होत नाही आणि त्या मजेत असतात. तुमची होती आणि चार दिवसांत गेली, म्हणून मला शोधायचंय."

पाळीचं विचारलं. पाच महिने आली नव्हती. मी पस्तिशीची, दिवस नाहीत हे घरीच तपासलं होतं. म्हटलं, दगदगीने असेल. मग तपासायला झोपले, तर त्यांचा हात मध्येच थांबला. ब्लाउजवर दोन ओले डाग होते. महिनाभर पडत होते, मी घाम समजत होते. त्यांनी बोटाने हलकेच दाबलं.

दूध आलं, ताई. मला, मूल न झालेल्या बाईला, दूध.

रक्त घेतलं आहे. घरी आले तर आई दारातच उभी होती. तिची नजर थेट डागांवर. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा इतका उजळला, की मी वर्षभरात तसा पाहिला नव्हता. म्हणाली, "मावशीला फोन लाव. मोठीला दिवस गेलेत."

तुलाही तेव्हा असंच झालं होतं का गं? पाळी थांबली होती, हे मला आठवतंय. दुसरं काही तू बोलली नाहीस. आम्ही विचारलंही नाही.

धाकटी


१५ मार्च

ताई,

रक्तात एका हार्मोनचं प्रमाण सहापट निघालं. दूध आणणारं तेच. ते वाढलं की पाळी थांबते, इच्छा मरते. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते, तिथे गाठ असली तर असं होतं म्हणे. म्हणून डोक्याचा फोटो काढला. अर्धा तास त्या नळकांड्यात पडून होते. बाहेरून कुणीतरी मशीन चालवतंय आणि मी आत, हलायचं नाही. नवरा दाराशी माझ्या चपला हातात धरून उभा होता.

गाठ नाही. डॉक्टर खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता एकच उरतं. मनाच्या आजारावरची कुठली गोळी घेता?"

"नाही हो."

"आठवून सांगा. झोपेची? उलटीची? कुणी दिलेली?"

"नाही."

"घरात कुणी घेतं?"

मी 'आई' म्हणाले आणि पुढचं काही मला धड ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अडीचलाच घरी आले. चपला हातात घेतल्या आणि अनवाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. आई टेबलाशी पाठमोरी बसली होती. समोर बशी. पदराच्या गाठीतून तिने गोळ्या काढल्या, दोन सकाळच्या, दोन आदल्या संध्याकाळच्या, कडा विरघळून मऊ झालेल्या. रोज मी तिच्या जिभेवर गोळ्या ठेवते, वर पाणी देते, तिचा घसा हललेला पाहते. ती गालात ठेवत होती. चमच्याच्या पाठीने तिने त्या चिरडल्या, अगदी मैदा होईपर्यंत. कणभर सांडलं नाही. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले होते, "आईंना फरक पडत नाहीये, डोस दुप्पट करू." दुप्पट डोस मी प्यायले. वर म्हणायचे, "आई, कॉफी कशी कडक झालीय!"

तिने पूड कपात घातली, ढवळलं आणि मागे वळून मला पाहिलं. मी म्हटलं, आता किंचाळणार. पण तिची नजर स्वच्छ होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने मला ओळखलं.

"धाकटे, आलीस? हे तिला नेऊन दे. तुझ्या हातून ती मुकाट्याने घेते."

मी कप घेतला, ताई. हो. घेतला आणि चालायला लागले. डावीकडे वळून, लांब बोळाच्या टोकाला, तुझ्या खोलीकडे. आमच्या या घरात बोळ नाही. डावीकडे भिंत आहे. भिंतीला कपाळ टेकेपर्यंत मला ते कळलं नाही. मागून आई म्हणत होती, "संपवेपर्यंत तिथेच थांब."

बाकीचं आज लिहवत नाही.


३० मार्च

ताई,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी लहान नव्हते. चोवीस वर्षांची होते.

गच्चीवर तू जे सांगितलंस ते मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, आणि आईने जिजूंना बोलावून घेतलं. तुला 'विश्रांतीला' माहेरी आणून ठेवायचं त्यांनीच ठरवलं. दर रविवारी ते पांढऱ्या कागदाच्या पुड्या घेऊन यायचे. कुणी ओळखीचा कंपाउंडर होता. त्यात काय असायचं ते आईला ठाऊक नव्हतं. जिजूंनाही असेल असं वाटत नाही. "थोडं सैल पडलं की सुरळीत होईल," असं म्हणाले होते. मी बाहेरच्या खोलीत होते, ऐकत होते.

आईने दिलेलं दूध तू टाकून द्यायचीस. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सात आठवडे मी तुला दूध आणून दिलं. तिसऱ्या दिवशी तू विचारलंस, "धाकटे, यात काही आहे का गं?"

मी म्हणाले, "साखर."

पेल्याच्या तळाशी साका राहायचा. तो मी बोटाने ढवळून द्यायचे.

का? मलाही तेव्हा एक स्थळ आलं होतं. आई म्हणाली होती, थोरलीचं घर मोडलं तर धाकटीला कोण करून घेणार? ते स्थळ पुढे बारगळलंच. नंतर मी माझं मीच जमवलं. म्हणजे ज्याच्यासाठी हे केलं, तेही झालं नाही.

तू झोपत गेलीस. तोंड किंचित उघडं ठेवून खिडकीशी बसायचीस आणि मी वेणी घालायला घेतली की मान जिकडे वळवावी तिकडे राहायची. पाळी चुकली तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. मावशीला फोन गेला, जिजू मिठाई घेऊन आले. दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई तुझ्यावरच चिडली, तूच फसवलंस म्हणून.

तू गेलीस तो बुधवार होता, दुपारचे दोन. तुझ्यावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती. मी खिडकीत होते. तू माझ्या चपला घालून रस्ता ओलांडलास, भिंतीला धरत धरत. कोपऱ्यावर दोनदा थांबलीस. मी ओरडले नाही. माझ्या बाजूची एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीही भित्रेपणाने झाली की कशाने, मला नक्की सांगता येत नाही.

माफ कर, असं लिहिणार होते. पण तू ते वाचून पुढे काय करायचंस? म्हणून नुसतं जे झालं ते लिहिलं.

धाकटी


२१ मे

ताई,

पाचांपैकी एकही पत्र परत आलं नाही, म्हणजे सगळी तुला मिळाली असं धरून चालते.

आईला आता पातळ औषध देतो. दिल्यावर तिला शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावतो. ती शांत झाली आहे, घरात कुणी शिरत नाही. गोळ्या कुलपात. कॉफी अजून तीच करते, ते काम काढून घेतलं तेव्हा दिवसभर रिकामे हात चोळत बसली होती. मी शेजारी उभी राहते. नवऱ्याला सगळं सांगितलं. आईचंही आणि तुझंही. तुझं ऐकून तो उठून बाहेर गेला आणि तासाभराने आला. म्हणाला, "आईंचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना काय बोलणार? तुझं होतं." तो माझ्यावर पहिल्यांदाच इतका रागावला. बरंच वाटलं मला.

सहा आठवड्यांत रक्त सुधारलं. एप्रिलमध्ये पाळी आली. डोळ्यांवरची झापड गेली आणि दवाखान्याच्या बाथरूममध्ये बसून मी पोटभर रडले. म्हटलं, आता सगळं जागेवर येईल. पण इच्छा काही आली नाही. त्याने जवळ घेतलं की माझे खांदे आपोआप वर जायचे.

डॉक्टर म्हणाल्या, "औषधाने शरीर बंद केलं होतं, ते उघडलं. पण इतके महिने नको असताना तुम्ही 'बरं' म्हणत होता. ते शरीराने लक्षात ठेवलंय. त्यावर गोळी नाही." त्यांनी आम्हाला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं, दोघांनाही. नवरा आधी तयार नव्हता. "मी काय सांगणार तिथे, लिफ्टचं?" पण तिथे गेल्यावर तोच आधी बोलला. "मला वाटलं, मीच तिला कसातरी वाटायला लागलो. ग्रीसचा वास येत असेल म्हणून मी दोन-दोनदा अंघोळ करत होतो." मला हे माहीत नव्हतं, ताई. साबण लवकर संपतो म्हणून मी त्याला बोलले होते.

बाईंनी अभ्यास दिला. अर्धा तास नुसता स्पर्श, पुढे जायचं नाही, ठरवूनही नाही. कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं. पहिल्या दिवशी आम्ही हसतच सुटलो. दुसऱ्या दिवशी चौथ्या मिनिटाला मी 'थांब' म्हणाले. त्याने हात काढून घेतला. सुस्कारा नाही, चेहरा पाडणं नाही. उठून खिडकी उघडली आणि खालच्या भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालायला लागला. माझे खांदे खाली आले ते तेव्हा. असं तीन आठवडे. मग परवाच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, आई ज्येष्ठांच्या दिवसभराच्या केंद्रात गेलेली असताना, त्याने वेळ झाली म्हणून हात काढला आणि मी तो धरून परत ठेवला. पुढचं धाकट्या बहिणीने लिहायचं नसतं.

आधीसारखं झालं का? नाही. आता मला वाट पाहावी लागते, आणि कधी कधी येतच नाही. तसं सांगते मग. चालतं.

मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल विचारलं. म्हटलं, माझ्या बहिणीला आधीपासूनच, कुणी काही देण्याआधीपासूनच, वाटत नव्हतं. तिला काय झालं होतं? त्यांनी तोच प्रश्न विचारला, "त्रास तिला होत होता, की तुम्हाला?"

मला सांगता आलं नाही. म्हणून तुलाच विचारते. अकरा वर्षं उशिरा.

धाकटी


४ जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सात ओळी. पाठ झाल्या आहेत.

'मला माहीत होतं. साखर म्हणताना तू माझ्याकडे पाहिलं नव्हतंस. तरी प्यायले. तुम्ही सगळे इतकं सांगत होतात, की मलाही वाटायला लागलं होतं, माझ्यात काहीतरी कमी आहे, ते भरून निघालं तर बरं. मला आजही कुणाबद्दल तसं वाटत नाही. त्याचा त्रास नाही. तेव्हाही नव्हता. १० ऑगस्टला येईन, आईला बघून जाईन. तुमच्या घरचं पाणीही घेणार नाही.'

ये. मी बसस्टँडवर येते. पाणी तुझं तू आण.

धाकटी


२६ ऑगस्ट

ताई,

नीट पोचलीस हे मावशीने कळवलं. बसमध्ये चढताना तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, त्याचा अर्थ काय लावायचा हे मी तुला विचारणार नाही. पण तू गेल्यानंतरचं तुला सांगायला हवं.

तू असतानाचं तू पाहिलंसच. आईने तुला ओळखलं नाही. खुर्चीच्या काठावर बसलीस, मांडीवर पर्स, हातात तुझी बाटली. आईने पदर सारखा केला आणि तुला 'तुम्ही' म्हणाली. मी पुढे व्हायला गेले तर तू डोळ्यांनी मला थांबवलंस.

"डॉक्टरीणबाई, बरं झालं आलात," आई म्हणाली. "माझ्या मोठीला बघा जरा. तिचं नवऱ्यात मन लागत नाही."

तू बाटलीचं झाकण घट्ट केलंस. मला वाटलं, उठून जाणार. मग तू म्हणालीस, "मी तपासलंय तिला. तिला काही झालेलं नाही."

"नाही कसं? नवरा जवळ आला तर हिला काही वाटत नाही."

"नाही वाटत. काहींना नाही वाटत. तरी ती चांगली आहे. स्वतःचं कमावते, जेवते, झोप लागते. तिला औषधाची गरज नव्हती."

आईने तुझा हात हातात घेतला आणि पाहत राहिली. मला क्षणभर वाटलं, ओळखलं. पण ती म्हणाली, "तुम्हाला फार शिकावं लागलं असेल."

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही कॉफीला बसलो होतो. आईने कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं तेव्हा नजर स्वच्छ होती, आणि मला धाकटी म्हणाली. त्या मार्चच्या दुपारनंतर पहिल्यांदाच.

"धाकटे, त्या बाई म्हणाल्या, मोठीला काही झालेलं नव्हतं."

"हो, आई."

"मग आपण तिला काय देत होतो गं?"

'आपण' म्हणाली, ताई.

मला 'साखर' म्हणता आलं असतं. तिला पटलंही असतं. मी सांगितलं. पुड्या, जिजू, सात आठवडे, तळाशी राहिलेला साका, ढवळणारं माझं बोट. तिने सगळं ऐकलं. मग दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तिच्या घशातून असा आवाज आला, की कामावर इतके आवाज ऐकूनही मी तसा कधी ऐकला नव्हता. मी तिला धरून बसले. पाच मिनिटांनी तिने डोळे पुसले, आपण का रडत होतो ते आठवेना म्हणून ओशाळली, आणि कपबशा विसळायला उठली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने पुन्हा विचारलं.

तेव्हापासून रोज विचारते. बाकी सगळं विसरते, मला पुन्हा 'मोठे' म्हणते, पण चारच्या सुमाराला 'धाकटे' अशी हाक येते आणि तोच प्रश्न येतो. नवरा म्हणतो, "काहीतरी दुसरं सांग तिला. म्हातारीला रोज रोज कशाला रडवतेस?" डॉक्टरही म्हणाल्या, खोटं बोललात तरी चालेल, अशा आजारात बोलतात. मला ते पटतं. तिच्या दृष्टीने तेच बरं आहे. पण तोंड उघडलं की खरं तेच बाहेर येतं, आणि ती रोज पहिल्यांदाच ऐकते. मी कुणासाठी सांगते हे मला कळेनासं झालंय. तू सांग. तू थांब म्हणालीस तर थांबेन.

आता पावणेचार झालेत. आत दूध उकळायला ठेवल्याचा आवाज येतोय.

धाकटी